सुखतळा : खानदेशातील टाचदुखीचा आणि पायाखालच्या मऊ थराचा इतिहास

१/
जोड्याच्या आत, तळपायाला लागून जो थर असतो त्याला मराठीत ‘सुखतळा’ म्हणतात. बोलताना त्याचा ‘सुकतळा’ होतो. कचेरीचे हेलपाटे घालून ज्याचे ‘सुकतळे झिजतात’ तो हाच. ‘इनसोल’ हा शब्द जळगाव-धुळ्याच्या दुकानांत येण्याच्या कितीतरी आधीचा हा शब्द. मात्र त्याच्या नावात जे सुख आहे, ते या प्रदेशात चालणाऱ्या आणि उभे राहून राबणाऱ्या माणसांपैकी कोणाच्या वाट्याला आले, कोणाच्या नाही आणि अखेरीस ते कोणत्या वाटेने आले, याचा हा धागा.

२/
प्रथम दुखणे समजून घेतले पाहिजे. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकवले की टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते. दहा-वीस पावले चालल्यावर ती ओसरते. दिवसभर उभे राहिल्यावर किंवा बराच वेळ बसून उठल्यावर ती परतते. आधुनिक वैद्यकात याचे नाव ‘प्लांटार फॅसिआयटिस’. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायाखाली एक चिवट पट्टा ताणलेला असतो. पायाची कमान हे धनुष्य मानले, तर हा पट्टा म्हणजे त्याची दोरी. दुखते ते बहुधा दोरी टाचेला जिथे बांधलेली असते तिथे.

३/
ही दोरी नेमके काय करते, हे इंग्लंडमधील जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली दाखवून दिले. पाऊल उचलताना बोटे मागे वळतात, तेव्हा विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा बोटांच्या मुळाशी ताणला जातो आणि कमान उंचावते. म्हणजे प्रत्येक पावलागणिक या दोरीला ताण बसतो. दिवसभरात हजारो पावले चालणाऱ्याच्या किंवा दहा तास एका जागी उभ्या असणाऱ्याच्या टाचेवर काय भार पडत असेल, याचा अंदाज यावरून करता येतो.

४/
मराठीत पायाच्या दुखण्यांना नावांची वाण नाही. भेगा, जळवात, चिखल्या, कुरूप, भोवरी हे शब्द घरोघरी आहेत. पण ही सगळी दुखणी डोळ्यांना दिसणारी आहेत. सकाळच्या त्या कळेला असे स्वतंत्र नाव नाही. मराठीत ‘टाच दुखते’, अहिराणीत ‘टाच दुखस’, एवढ्यावर बोलणे संपते. वरून पाय धडधाकट दिसतो. सूज नाही, जखम नाही, शिवाय चार पावले चालल्यावर माणूस नीट चालूही लागतो. त्यामुळे तक्रार करणाऱ्यावर, विशेषतः तक्रार करणारीवर, घरचे लोक सहसा विश्वास ठेवत नाहीत.

५/
प्राचीन वैद्यांनी मात्र या वेदनेची दखल घेतली होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये ‘वातकंटक’ येतो. वाकडेतिकडे पाऊल पडल्याने कुपित झालेला वात पायात वेदना निर्माण करतो, असे त्याचे वर्णन आहे. पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयात वेडेवाकडे पाऊल या कारणाला आणखी एक कारण जोडले : श्रम. ग्रंथांत या व्याधीचे स्थान घोट्याच्या आसपास सांगितले आहे. तेव्हा ती आणि आजची टाचदुखी तंतोतंत एकच, असे म्हणता येणार नाही. तरी आजचे आयुर्वेदाचे अनेक चिकित्सक टाचदुखीला हेच नाव देतात, आणि ‘कंटक’ म्हणजे काटा ही उपमा रुग्णांच्या तोंडी आजही असते.

६/
चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पायाला तेल चोळण्याचे आणि पादत्राण वापरण्याचे गुण सांगितले आहेत. पादाभ्यंगाने पायाचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा आणि बधिरपणा जातो. पादत्राण डोळ्यांना हितकर, पायांचे क्लेश दूर करणारे आणि बळ देणारे आहे. सल्ला उत्तमच आहे. पण तो दिनचर्येच्या अध्यायात येतो, आणि तशी दिनचर्या पाळायला सवड व साधने असणारा माणूसच त्यात गृहीत धरलेला आहे.

७/
दुसऱ्या प्रकारच्या माणसाचे पाय धर्मसूत्रांत भेटतात. गौतमधर्मसूत्रानुसार सेवा करणाऱ्या शूद्राने वरच्या वर्णांनी वापरून टाकलेली पादत्राणे, छत्र्या व वस्त्रे वापरावीत. जोडा ज्याच्या पायाचा, त्याच्याच पायाचा आकार घेतो. त्यातला सुखतळा एका विशिष्ट टाचेखाली दबलेला असतो. तो दुसऱ्याच्या पायात गेला की आधार देण्याऐवजी टोचू लागतो. ज्याचे श्रम सर्वांत जास्त, त्याच्या वाट्याला दुसऱ्याच्या पायाने झिजवलेला तळ, असा हा नियम होता.

८/
आता खानदेशाकडे येऊ. तापी-पांझरा-गिरणेची काळी जमीन, बाभळीची काटेरी झाडी आणि पारा ४५ अंशांच्या आसपास जाणारे उन्हाळे. येथल्या वहाणेला दोन शत्रूंशी लढायचे होते, काटा आणि चटका. म्हणून शेतकऱ्याची वहाण जाड, कडक आणि जड असे. तिने तळपाय वाचवला, पण कमानीला आधार देणे हे तिचे कामच नव्हते. आतून मऊ कातडे लावलेला जोडा ही ऐपतदाराची चैन होती.

९/
ती वहाण घडत कशी होती? मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महारांवर लादलेले. कातडे कमावण्याचे काम ढोरांचे, त्यासाठी चुना, बाभळीची व तरवडाची साल, हिरडा. शिवण्याचे काम चांभारांचे, त्यांची हत्यारे रापी आणि आरी. मोबदला बलुत्याच्या धान्यात. गावाचे पाय सांभाळणाऱ्या या माणसांना स्वतःला मात्र सवर्णांच्या दारावरून जाताना पायातले काढून हातात घ्यावे लागे. पादत्राण कोणी घालावे, हा प्रश्न सोयीचा नव्हता, प्रतिष्ठेचा होता.

१०/
स्त्रियांची गोष्ट याहून वेगळी नाही. घरात अनवाणी, शेतातही बहुधा अनवाणी. पायात बूट घालून रस्त्याने निघालेल्या पहिल्या शिकलेल्या स्त्रियांची टवाळी झाली, हा एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचा इतिहास आहे. एक गोष्ट मात्र जुन्या घरांत पायाच्या बाजूची होती, ती म्हणजे शेणाने सारवलेली मातीची जमीन. पुढे शहाबादी फरशी आली, मग गुळगुळीत टाइल आल्या. जमीन कठीण झाली आणि त्या जमिनीवर तासन्‌तास उभे राहणारा पाय अनवाणीच राहिला. ओट्यावरचा स्वयंपाक आल्यावर बसून होणारी कामेही उभ्याने होऊ लागली.

११/
खानदेश हा चालणाऱ्यांचा प्रदेश आहे. चैत्रात धुळे-जळगावकडून हजारो लोक भर उन्हात सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघतात, त्यांतले कित्येक अनवाणी. मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताईची पालखी पंढरपूरपर्यंत पाचशेहून अधिक किलोमीटर चालते. महाराष्ट्रातील सर्वांत लांबचा पल्ला गाठणाऱ्या पालख्यांपैकी ती एक. या चालण्याला सुमारे महिना लागतो. वाटेवर गावोगावी पाय चेपण्याची, मलमपट्टीची आणि तुटलेल्या वहाणा फुकट शिवून देण्याची सेवा चालते. वारीने टाचदुखीला औषध दिले नसेल, पण दुखणाऱ्या पायाला वाटेवर मान दिला.

१२/
टाचेवरचा नवा भार एकोणिसाव्या शतकात आला. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली. जळगावच्या सूत व कापड गिरणीची नोंद १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये आहे. नंतर अमळनेर आणि धुळ्यातही गिरण्या उभ्या राहिल्या. शेतातला माणूस वाकतो, बसतो, चालतो. गिरणीतला माणूस कठीण जमिनीवर यंत्रासमोर उभा राहतो. रेल्वेचा कीमन रोज रुळांच्या खडीवरून मैलोगणती चालत रूळ तपासतो. शरीराला असे काम यापूर्वी माहीत नव्हते.

१३/
किती तास उभे राहायचे, हे कायद्यांतून मोजता येते. १९११ च्या कारखाना कायद्याने कापडगिरणीतील प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये ती ११ तास झाली, १९३४ मध्ये १० आणि स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्याने ९. याच १९४८ च्या कायद्याच्या ४४ व्या कलमात एक तरतूद होती : उभ्याने काम करावे लागणाऱ्या कामगारांना, काम चालू असताना मिळेल त्या सवडीत बसता यावे म्हणून योग्य सोय असावी. भारतीय कायद्याने कामगाराच्या टाचेचा विचार केला तो असा, तिचे नावही न घेता.

१४/
दुकानांतील कामगार या कलमाच्या बाहेर राहिले. साड्यांच्या किंवा सोन्याच्या दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलींना बसण्याचा हक्क असावा, यासाठी केरळमध्ये महिला कामगारांनी आंदोलन केले, आणि तेथे २०१८ मध्ये तसा कायदा झाला. तमिळनाडूने २०२१ मध्ये त्याचे अनुकरण केले. टाचदुखी ही केवळ पायाची तक्रार नसून कामाच्या रचनेचीही तक्रार आहे, हे वाग्भटाने एका शब्दात सुचवले होते. कायद्यात ते उमटायला इतकी शतके लागली.

१५/
डॉक्टरांची नजरही बराच काळ चुकीच्या जागी होती. इंग्रजीत या दुखण्याला ‘पोलिसाची टाच’ म्हणत, कारण गस्तीवर पायपीट करणाऱ्यांना ते होई. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि थोड्याच वर्षांत टाचेच्या हाडावर वाढलेले अणकुचीदार टोक छायाचित्रात दिसू लागले. दिसले म्हणून तेच दोषी ठरले. ‘हाड वाढले आहे’ हे निदान आजही खानदेशात सर्रास ऐकू येते. वस्तुस्थिती अशी की, असे टोक असलेल्या कित्येकांची टाच कधीच दुखत नाही, आणि टाच दुखणाऱ्या कित्येकांना असे टोक नसते.

१६/
‘फॅसिआयटिस’ या शब्दातील ‘दाह’ही वादात सापडला. २००३ मध्ये लेमॉन्ट व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेले ५० नमुने तपासले. त्यांत दाहाच्या खुणा नव्हत्या. होती ती पट्ट्याच्या तंतूंची झीज. त्यामुळे निव्वळ सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी हे दुखणे मुळातून का जात नाही, याचा उलगडा झाला. घरगुती उपायांत रुईची पाने ठेवून गरम विटेवर टाच शेकणे खानदेशात सर्वपरिचित आहे. शेकाने तात्पुरता आराम पडतो. मात्र रुईचा चीक डोळ्यांना व त्वचेला घातक असतो. टाचेला डाग देण्याची जुनी रीत तर जखमेलाच निमंत्रण देते.

१७/
मग सुखतळा पुन्हा आला कुठून? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कातडी वहाणेची जागा रबरी स्लीपरने आणि आठवडी बाजारातल्या टायरच्या चपलेने घेतली. दोन्ही स्वस्त आणि टिकाऊ. मात्र स्लीपर सपाट आणि लवकर चेपणारी, तर टायरची चपल दगडासारखी कडक. सुखतळा दोन्हींत नव्हता. तो परत आला तो पादत्राणांच्या बाजारातून नव्हे. तो आला कुष्ठरोग्यांच्या कार्यशाळेतून.

१८/
डॉ. पॉल ब्रँड १९१४ साली दक्षिणेतील कोल्ली डोंगरात मिशनरी कुटुंबात जन्मले आणि १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरोग्यांच्या पायाला जखमा होतात त्या मांस सडल्यामुळे, अशी तेव्हाची समजूत होती. ब्रँड यांनी दाखवले की मांस निरोगीच असते, हरवलेली असते ती वेदना. टोचले, भाजले, एकाच जागी सतत दाब पडला, तरी रुग्णाला कळत नाही आणि तो त्याच जागेवर चालत राहतो.

१९/
याच काळातील त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग टाचेचाच आहे. इंग्लंडमध्ये रेल्वेच्या लांबच्या प्रवासानंतर रात्री मोजे काढताना टाच बधिर असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी टाचणी टोचून पाहिली. काहीच जाणवले नाही. आपल्याला कुष्ठरोग झाला, या समजुतीत त्यांनी रात्र काढली. सकाळी पुन्हा टाचणी टोचली आणि कळ उठली. प्रवासात नस दबल्याने टाच तेवढ्यापुरती बधिर झाली होती. त्या कळेबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले. वेदना ही देणगी आहे, हा विचार पुढे त्यांच्या लेखनाचा गाभा झाला.

२०/
वेदना हरवलेल्या पायासाठी दाब वाटून घेणारा तळ हवा होता. वेल्लोरला त्यासाठी सूक्ष्म हवेच्या पेशी असलेले रबर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, वापरात आले. लोकांच्या तोंडी तीच ‘एमसीआर चप्पल’. तळपायाखाली मऊ, खाली कडक तळ आणि खिळा एकही नाही. भारताचा कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला, १९८३ मध्ये तो निर्मूलन कार्यक्रम झाला. त्यातून ही चप्पल महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचली. बधिर पायाच्या रुग्णाला वर्षाला दोन जोड मोफत, असा तिचा दंडक.

२१/
आणि येथे खानदेशाच्या जुन्या वहाणेची गोष्ट उलटी फिरली. पूर्वी जोडा काढायला लावून माणसाची पायरी दाखवली जाई. आता जोडा घातल्याने ती कळू लागली. ठरावीक घडणीची ती काळी चप्पल पायात दिसली की गाव ओळखे : हा कुष्ठरोगी. ज्यांना तिची सर्वाधिक गरज होती, त्यांतील कित्येकांनी लाजेपोटी ती घालण्याचे टाळले. देशभरच्या कुष्ठसेवकांना हा अनुभव आला, आणि त्यामुळेच पुढे ती चप्पल बाजारातल्या इतर चपलांसारखी दिसावी म्हणून रंग व घडण बदलण्याचे प्रयत्न झाले.

२२/
आज जळगाव आणि धुळ्याच्या बाजारपेठांत ‘ऑर्थो’, ‘डॉक्टर’, ‘डायबेटिक’ अशा नावांनी ज्या मऊ चपला मिळतात, त्यांतील कित्येकांचा थर त्याच एमसीआरचा असतो. कुष्ठरोग्याच्या पायात जे लाजिरवाणे होते, ते टाचदुखीने त्रासलेल्या मध्यमवर्गीय पायात आरोग्यदायी ठरले. रबर तेच राहिले, फक्त नाव आणि किंमत बदलली.

२३/
आधाराच्या सुखतळ्याने टाचदुखी बरी होते का? २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील कार्ल लँडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी १३५ रुग्णांवर तुलना केली : एका गटाला निव्वळ नावाचा पातळ थर, दुसऱ्याला तयार मिळणारा आधाराचा सुखतळा आणि तिसऱ्याला पायाचे माप घेऊन बनवलेला महागडा. तीन महिन्यांनी आधाराच्या दोन्ही प्रकारांनी थोडा फायदा दाखवला. त्या दोघांत फरक नव्हता. वर्षभराने तिन्ही गट जवळपास सारखेच होते. तात्पर्य, सुखतळा सुरुवातीचे कठीण महिने सुसह्य करतो, आणि त्यासाठी सर्वांत महागडा घेण्याची गरज नसते.

२४/
सुखतळा घेताना काय पाहावे, हे या इतिहासातूनच हाती येते. तो टाचेखाली खोलगट असावा आणि कमानीखाली भरीव. अंगठ्याने दाबल्यावर चेपला जावा, पण सोडल्यावर परत उचलला जावा. चेपलेलाच राहिला तर तो संपला. मऊ थराखाली कडक तळ हवाच, नुसता मऊपणा कमानीला धरत नाही. तो बाहेरच्या जोड्यात घालून घरात फरशीवर अनवाणी वावरल्यास उपयोग निम्मा होतो. आणि दुसऱ्याच्या पायाने दबलेला सुखतळा वापरू नये. गौतमाच्या नियमाला एवढे उत्तर पुरे.

२५/
बिनखर्चाचा एक उपायही सिद्ध झालेला आहे. २००३ मध्ये डिजिओव्हानी व सहकाऱ्यांनी दाखवले की, सकाळी पहिले पाऊल टाकण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन, बोटे हाताने मागे ओढून तळपायाचा पट्टा ताणणे हे नुसती पोटरी ताणण्यापेक्षा अधिक गुणकारी ठरते. दहा सेकंद, दहा वेळा, दिवसातून तीनदा. बहुतेकांची टाच वर्षभरात बरी होते. उभे राहण्याचे तास कमी करता आले तर लवकर. पण रावेर-यावलच्या बागेतून केळीचे घड वाहणाऱ्याला किंवा दिवसभर कापूस वेचणारीला तसे सांगणे सोपे आहे, करून देणे अवघड.

२६/
शेवटी ब्रँड यांच्या टाचणीकडे. टाच दुखत असेल तर ती उपचाराची वाट पाहू शकते. टाच बधिर असेल, तळपायाला चटका किंवा खडा जाणवत नसेल, त्वचेवर संवेदना नसलेला फिकट चट्टा असेल, तर मात्र थांबू नये. कारण मधुमेह असू शकते, कुष्ठरोगही असू शकते. २००५ च्या अखेरीस कुष्ठरोगाचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन झाल्याचे देशपातळीवर जाहीर झाले, तरी नवे रुग्ण आजही सापडतात. सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात, वेळेवर घेतल्यास आजार पूर्ण बरा होतो. पाय बधिर झालाच असेल, तर सुखतळ्याची ती चप्पलही तेथेच मिळते. ती घालण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

(समाप्त)